लेट्टो-फोरबेक : ‘अपराजित’ जर्मन सेनानीमागचा इतिहास

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून जहाजांचा एक ताफा पूर्व आफ्रिकेकडे निघाला. त्यात साधारण आठ हजार सैनिक होते, बहुतेक हिंदी, थोडे ब्रिटिश. टांगा हे बंदर घ्यायचं आणि तिथून जर्मन पूर्व आफ्रिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, रवांडा आणि बुरुंडी, ताब्यात घेत जायचं असा बेत होता. समोर मूठभर जर्मन अधिकारी आणि त्यांचे आफ्रिकी शिपाई, असकारी. हे काम चुटकीसरशी होईल, याबद्दल मेजर जनरल आर्थर एटकेनला शंका नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही फौज जहाजांवर परत चढली, तेव्हा ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला एक लाजिरवाणा पराभव आला होता आणि जर्मनीला एक नायक मिळाला होता. त्याचं नाव पाउल फॉन लेट्टो-फोरबेक.

जन्म २० मार्च १८७०, सारलुई गावी. घराणं पोमेरेनियातलं, सरदारी वळणाचं, वडीलही लष्करातच. १९०० मध्ये चीनमधला बॉक्सर उठाव मोडायला गेलेल्या जर्मन तुकड्यांबरोबर तो होता. १९०४ मध्ये त्याची रवानगी जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात झाली. तिथे जनरल लोथार फॉन ट्रोथाने हेरेरो लोकांना वाळवंटात हाकलून पाणवठे तोडले आणि नंतर नामा लोकांवरही तीच वेळ आणली. लेट्टो-फोरबेक या ट्रोथाच्या हाताखाली होता. पुढे त्याला वंशसंहाराचा हा हुकूम देणाऱ्याबद्दल खेद वाटला असं दिसत नाही. उलट त्याने ट्रोथाची बाजूच घेतली. १९०६ मध्ये तो डोळ्याला जखम होऊन तिथून बाहेर पडला. त्याच्या चरित्रात ही वर्षं दोन ओळींत उरकण्याची पद्धत बरीच वर्षं चालू होती. माझ्या मते पुढची सगळी कहाणी वाचायची तर याच दोन ओळी आधी वाचायला हव्यात.

जानेवारी १९१४ मध्ये तो जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या फौजेचा सेनापती म्हणून वसाहतीच्या राजधानीत, दार-ए-सलामला पोचला. हाताखाली अडीचशेच्या वर जर्मन आणि अडीच हजारांच्या आत असकारी. गव्हर्नर हाइनरिश श्नी याला युद्ध वसाहतीबाहेरच ठेवायचं होतं. १८८५ च्या काँगो कायद्याचा आधार घेऊन तटस्थ राहावं, शेतमळे आणि रेल्वे सांभाळावी, हे त्याचं म्हणणं. लेट्टो-फोरबेकचं गणित वेगळं होतं. इथे जितके शत्रूचे सैनिक अडकतील तितके युरोपात कमी पडतील. वसाहतीचं काय व्हायचं ते होवो. कागदोपत्री श्नी वरिष्ठ होता, पण बंदुका दुसऱ्याकडे होत्या.

टांग्याला नशिबानेही त्याला साथ दिली. ब्रिटिश युद्धनौका ‘फॉक्स’ आधी पुढे गेली आणि तिच्या कप्तानाने जर्मन अधिकाऱ्याला रीतसर कळवलं की या बंदरावर हल्ला न करण्याचा पूर्वीचा तह आता रद्द समजावा. शिवाय बंदरात सुरुंग पेरलेत का, अशी चौकशीही केली. या सौजन्यामुळे लेट्टो-फोरबेकला मोशीहून उसांबारा रेल्वेने आपल्या कंपन्या आणायला वेळ मिळाला. पहाटे तो स्वतः आला आणि सायकलवरून रिकाम्या गावात फिरून त्याने पाहणी केली. ४ नोव्हेंबरला खरी लढाई झाली. बोटींवर आठवडेच्या आठवडे हेलकावे खाल्लेले, कित्येक पहिल्यांदाच लढाईत उतरलेले हिंदी सैनिक रबर आणि नारळाच्या मळ्यांतून पुढे सरकत होते. काश्मीर रायफल्स आणि लँकाशायरची ब्रिटिश पलटण थेट गावात शिरली. डाव्या बाजूला जुन्या बॉम्बे आर्मीतल्या १०१ ग्रेनेडियर्सवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांची फार मोठी हानी झाली. त्यात मधमाश्यांची मोहोळं उठली. त्या दोन्ही बाजूंना चावल्या, पण गोष्टी मात्र ब्रिटिशांच्या तारांबळीच्याच सांगितल्या जातात. हजार-अकराशे माणसांनी आठ हजारांना परतवलं. किनाऱ्यावर मागे राहिलेल्या १६ मशीनगन, शेकडो बंदुका आणि सहा लाखांच्या घरातली काडतुसं विजेत्यांना आयती मिळाली.

जानेवारी १९१५ मध्ये जासिनची लढाईही त्याने जिंकली, पण तिथे इतके अधिकारी आणि इतका दारूगोळा खर्ची पडला की असे आणखी चार विजय आपल्याला संपवतील हे त्याने ओळखलं. तिथून समोरासमोरची लढाई शक्यतो टाळायची, रेल्वे उडवायची, मार द्यायचा आणि निसटायचं, असं तंत्र सुरू झालं. मराठी वाचकाला गनिमी कावा वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की ही रयत आणि हा मुलूख त्याचा नव्हता.

नाकेबंदीत ही फौज जगली कशी, हा भाग खरोखर विलक्षण आहे. जुलै १९१५ मध्ये रुफिजी नदीच्या मुखाशी बुडालेल्या ‘क्योनिग्सबेर्ग’ या युद्धनौकेच्या दहा तोफा काढून चाकांवर चढवल्या गेल्या. अमानीच्या जीवशास्त्र संस्थेने सिंकोनाच्या सालीपासून क्विनाइन बनवलं. कारखान्याबाहेर तयार झालेल्या जहाल कडू काढ्याला सैनिकांनी ‘लेट्टो श्नॅप्स’ म्हणायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९१७ मध्ये बल्गेरियातून एल-५९ हे झेपेलिन, म्हणजे वायूवर तरंगणारं प्रचंड हवाई जहाज, १५ टन सामान घेऊन निघालं, सुदानपर्यंत गेलं आणि तिथून परत फिरवलं गेलं. ९५ तासांत पावणेसात हजार किलोमीटर उडून ते रिकाम्या हाताने आलं नाही, भरल्या पोटानेच आलं, कारण सामान तसंच होतं.

१९१६ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जनरल यान स्मट्सने दक्षिण आफ्रिकी फौजा आणून वसाहतीचा मोठा भाग काबीज केला, पण लेट्टो-फोरबेक हाती लागला नाही. ऑक्टोबर १९१७ मध्ये महिवा या गावी दीड हजार माणसांनिशी त्याने जवळपास पाच हजारांच्या फौजेला रक्तबंबाळ केलं. पुढच्याच महिन्यात तो रोवुमा नदी ओलांडून पोर्तुगीज मोझांबिकमध्ये घुसला. तिथल्या ठाण्यांवर मिळालेल्या बंदुका आणि धान्यावर त्याने पुढचं वर्ष काढलं.

हे सगळं सामान वाहिलं कोणी? रस्ते नाहीत, त्से-त्से माशीमुळे जनावरं टिकत नाहीत, म्हणजे डोक्यावर ओझं घेतलेली माणसं. ब्रिटिशांनी सुमारे दहा लाख हमाल कामाला लावले. त्यांतले किमान ९५ हजार मेले, बहुतेक उपासमार आणि आजारांनी. लेट्टो-फोरबेकच्या बाजूच्या हमालांची नोंदच ठेवली गेली नाही. त्याचं सैन्य गावांतून धान्य आणि गुरं उचलत पुढे जायचं. त्याच्याच फौजेतला डॉक्टर लुडविग डेपे याने युद्धानंतर लिहिलं की आपण मागे उद्ध्वस्त शेतं, लुटलेली कोठारं आणि येऊ घातलेली उपासमार सोडून चाललो होतो. दुष्काळ आणि रोगराईत या वसाहतीतले सुमारे तीन लाख लोक दगावले असा अंदाज दिला जातो. आणि ‘अडकवून ठेवलेले’ शत्रूचे सैनिक बहुतांशी आफ्रिकी, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकी होते, त्यामुळे फ्रान्सच्या खंदकांवरचा भार किती हलका झाला हा हिशेबही सैलच राहतो.

युरोपात शस्त्रसंधी झाली तेव्हा तो उत्तर ऱ्होडेशियात होता. १३ नोव्हेंबरला त्याच्या माणसांनी कसामा हे गाव घेतलं आणि त्याच सुमारास बातमी आली. २५ नोव्हेंबर १९१८ रोजी आबरकॉर्नला, आजच्या झांबियातल्या म्बाला गावी, १५५ जर्मन आणि ११६८ असकारींनी शस्त्रं खाली ठेवली. मार्च १९१९ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजाखालून त्याने आपल्या जुन्या अधिकाऱ्यांसह संचलन केलं, तेव्हा रस्ते माणसांनी फुलले होते. हरलेल्या देशाला न हरलेला माणूस हवाच होता. आपला पराभव रणांगणात झालाच नाही, असं समजू पाहणाऱ्यांना त्याहून सोयीचा पुरावा कुठला?

त्याच वर्षी जुलैत त्याने सैन्य घेऊन हॅम्बुर्गमधल्या दंगली शमवल्या. मार्च १९२० मध्ये बर्लिनमधलं सरकार उलथवू पाहणाऱ्या काप उठावात मात्र मेक्लेनबुर्गमधून त्याने प्रजासत्ताकाविरुद्ध बंडवाल्यांना पाठिंबा दिला. उठाव फसला आणि त्याला लष्कर सोडावं लागलं. मग ब्रेमेनमध्ये संसार, आठवणींची पुस्तकं, व्याख्यानं. १९२८ ते १९३० तो जर्मन राष्ट्रीय जनता पक्षाकडून संसदेत होता. १९२९ मध्ये लंडनला त्याच्याच विरुद्ध लढलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेजवानीला पाहुणा म्हणून गेला आणि तिथे स्मट्सला भेटला.

हिटलरने देऊ केलेली लंडनची वकिलात त्याने नाकारली, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांच्या तोंडी कायम असते, आणि तेवढ्यावर त्याला नाझीविरोधक ठरवलं जातं. हे जरा स्वस्तात झालं. गमावलेल्या वसाहती परत मिळवण्याच्या प्रचाराला त्याने आपलं नाव आणि चेहरा नाझी राजवटीतही दिला, आणि ऑगस्ट १९३९ मध्ये त्याच राजवटीकडून पायदळाच्या जनरलचा मानद हुद्दा स्वीकारला. त्याचे दोन्ही मुलगे दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. युद्ध संपलं तेव्हा त्याची परिस्थिती इतकी हलाखीची होती, की स्मट्ससारख्या जुन्या शत्रूंनी त्याला अन्नाची पार्सलं पाठवली. १९५३ मध्ये तो पूर्व आफ्रिकेला जाऊन आला. म्हाताऱ्या असकारींनी त्याचं गाणी म्हणत स्वागत केलं.

९ मार्च १९६४ रोजी, चौऱ्याण्णव वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असताना, तो हॅम्बुर्गला वारला. पश्चिम जर्मनीचा संरक्षणमंत्री काय-उवे फॉन हासेल याने श्रद्धांजलीचं भाषण केलं. हा हासेल स्वतः जर्मन पूर्व आफ्रिकेत जन्मलेला. दोन असकारींना सरकारी पाहुणे म्हणून विमानाने आणलं होतं. त्याच सुमारास जर्मन संसदेने हयात असकारींचा थकलेला पगार चुकता करायचं ठरवलं. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांच्या हातात झाडू देऊन जर्मन भाषेत कवायतीचे हुकूम सोडले आणि एकही जण चुकला नाही, असा किस्सा सांगतात. हमालांसाठी अशी कुठलीही योजना नव्हती.

पश्चिम जर्मनीच्या सैन्याने लेअर, हॅम्बुर्ग, बाड झेगेबेर्ग अशा गावांतल्या छावण्यांना त्याचं नाव दिलं होतं. लेअरची छावणी २०१० मध्ये ‘एव्हनबुर्ग’ झाली. ब्रेमेनमधला विटांचा दहा मीटर उंच हत्ती १९३२ मध्ये वसाहतींतल्या जर्मन मृतांचं स्मारक म्हणून उभा राहिला, तेव्हा लेट्टो-फोरबेक समारंभाला हजर होता. १९९० च्या सुमारास शहराने तेच स्मारक वसाहतवादविरोधी म्हणून जाहीर केलं आणि १९९६ मध्ये नामिबियाचे राष्ट्राध्यक्ष सॅम नुयोमा यांनी तिथे नवी पाटी बसवली.