मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड: दोन्ही ‘शुगरच्या गोळ्या’, नियम मात्र वेगळे

टाइप २ मधुमेहात या दोन गोळ्या इतक्यांदा जोडीने लिहून दिल्या जातात की घरात दोघींनाही ‘शुगरची गोळी’ एवढंच नाव उरतं. मग एकीचा नियम दुसरीला लावला जातो आणि घोळ होतो.

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. स्वादुपिंडाला ती जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही, म्हणून ती एकटीच चालू असेल तर साखर फार खाली जाणं विरळाच. ग्लिमेपिराइड नेमकं तेच करते: स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, तुम्ही जेवला असा किंवा नसा.

मिलिग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नका. मेटफॉर्मिन ५०० किंवा १००० ची असते, ग्लिमेपिराइड १ किंवा २ ची. ‘एवढीशी तर गोळी’ म्हणून लोक जिला हलकी समजतात, साखर उतरवण्याचा धोका तिचाच.

ग्लिमेपिराइड सहसा दिवसातून एकदा, नाश्त्याबरोबर किंवा पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घेतात. जेवण होणार नसेल तर गोळीही नको. मग उपासाचं काय? ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. घाम, थरथर, धडधड, एकाएकी कडकडून भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं. साखरेचा आकडा ७० mg/dL च्या खाली दिसला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बरं वाटलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये: या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा घसरू शकते, विशेषतः वयस्करांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवणारही नाही. घाम मात्र येतो.

मेटफॉर्मिनचा त्रास वेगळा. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. म्हणून जेवणाबरोबर, कमी डोसपासून. तरीही पोट बिघडत असेल तर हळूहळू विरघळणारी एसआर गोळी मिळते. ती चावू नये, कुटू नये. वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, ते तपासून घ्यावं, पायाच्या मुंग्यांचं खापर दर वेळी मधुमेहावर फोडू नये. पण खरा प्रश्न किडनीचा: ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा रक्ततपासणीतला आकडा) ३० च्या खाली गेला तर ही गोळी बंद. आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन व्हायचा असेल तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधी सांगा.

उलट्या-जुलाब लागून अंगातलं पाणी कमी झालं की दोन्ही गोळ्यांबाबत लगेच डॉक्टरांना विचारावं, कारणं मात्र निराळी. मेटफॉर्मिन तेव्हा शरीरात साचू शकते आणि लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल साठणं) होऊ शकतो, जो दुर्मीळ पण गंभीर असतो. ग्लिमेपिराइड रिकाम्या पोटी साखर पाडते. दारूही दोघींशी वाईटच.

आणि एकाच गोळीत दोन्ही औषधं असतील तर? मग दोघींचे नियम लागू, आणि जेवणाचा नियम ग्लिमेपिराइडचा. त्यासाठी पाकिटावरचं मोठं नाव पुरत नाही, खालची बारीक अक्षरं वाचावी लागतात. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, गोळी कोणतीही असो.