मोटार बंद केल्यानंतर यंत्रात काय उरते

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये पत्र्याचे वॉशर काढणारी पॉवर प्रेस चालू आहे आणि डायमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्यात, पत्र्याचा तुकडा अडकला आहे, अशी कल्पना करा. ऑपरेटर लाल बटन दाबतो, मोटारीची घरघर थांबते आणि तुकडा काढण्यासाठी तो हात आत घालतो. त्याच्या लेखी यंत्र बंद आहे. पदार्थविज्ञानाच्या लेखी मात्र त्या क्षणी यंत्रात नवी ऊर्जा येणे तेवढे थांबलेले असते; आधी येऊन साठलेली ऊर्जा जागच्या जागी असते आणि बाहेर पडण्यासाठी वाट शोधत असते.

प्रेसच्या बाजूला फिरणारे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हे या साठ्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पत्रा कापताना क्षणभर प्रचंड जोर लागतो आणि उरलेल्या वेळात जवळजवळ काहीच लागत नाही. त्या एका क्षणासाठी मोठी मोटार बसवणे परवडणारे नसते, म्हणून लहान मोटार चाकात थोडी थोडी ऊर्जा भरत राहते आणि घाव घालण्याच्या वेळी चाक ती एकदम मोकळी करते. ही ऊर्जा किती असते, याचा हिशेब शाळेतल्या सूत्राने करता येतो. ३०० किलो वजनाचे आणि ४० सेंटिमीटर त्रिज्येचे भरीव चाक मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे ५,२०० ज्यूल ऊर्जा असते. सिमेंटची ५० किलोची गोणी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, म्हणजे साधारण साडेदहा मीटरवरून, खाली टाकली तर ती जमिनीवर आदळताना जवळपास एवढीच ऊर्जा घेऊन येते. प्रत्यक्षातल्या फ्लायव्हीलचे वजन मुद्दाम कडेकडे ठेवलेले असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या आणि आकाराच्या चाकात खरा आकडा याहून मोठा निघतो.

मोटार बंद झाली की हे चाक चांगल्या बेअरिंगवर बराच वेळ फिरत राहते. वेग निम्मा झाला तर ऊर्जा चौथाईवर येते, कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. पण ५,२०० ची चौथाई म्हणजे १,३०० ज्यूल, आणि बोटांच्या हाडांसाठी त्याचा अंशही पुरतो. जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये आणखी एक मेख असते. त्यांचा क्लच, म्हणजे चाकाची गती शाफ्टला जोडणारा भाग, असा असतो की तो एकदा अडकला म्हणजे शाफ्टचा एक पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. मोटार बंद आहे, चाक फिरते आहे, ऑपरेटर वाकलेला आहे आणि त्याचा पाय नकळत पेडलला लागला, तर रॅम, म्हणजे वर-खाली होऊन घाव घालणारा भाग, खाली येणारच. त्याला अर्ध्यावर थांबवण्याची सोयच त्या यंत्रात नाही. मिनिटाला २०० फेऱ्यांच्या वेगाने रॅम वरून खाली यायला ०.१५ सेकंद लागतो, तर डोळ्यांनी पाहून स्नायूंना हुकूम सुटायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. त्यामुळे ‘चपळ माणसाला काही होत नाही’ हा शॉपफ्लोअरवर हमखास ऐकू येणारा दिलासा गणितात बसत नाही.

चाक फिरते आहे की थांबले आहे, हे डोळ्यांना दिसेलच, असे वाटणे साहजिक आहे. इथे मात्र दिव्यांची एक गंमत आहे, आणि ती अजिबात निरुपद्रवी नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आता लेथचा तीन जबड्यांचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारी पकड, मिनिटाला २,००० फेरे घेतो आहे असे धरा. सेकंदाला ३३.३ फेरे झाले, म्हणजे एखाद्या ठरावीक जागेवरून सेकंदाला १०० जबडे पुढे सरकतात. प्रत्येक वेळी उजेड वाढतो तेव्हा कोणता ना कोणता जबडा नेमका त्याच जागी आलेला असतो आणि फिरणारा चक स्थिर असल्याचा भास होतो. चार जबड्यांच्या चकला हाच चमत्कार १,५०० फेऱ्यांवर साधतो. इलेक्ट्रॉनिक चोकमुळे हा भास जवळजवळ नाहीसा होतो, पण स्वस्तातल्या काही एलईडी दिव्यांनी तो पुन्हा कारखान्यात आणला आहे. तीन फेजवर आळीपाळीने दिवे लावणे आणि यंत्राजवळ न लुकलुकणारा एखादा दिवा ठेवणे, हा यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

फिरणाऱ्या चाकाखेरीज ऊर्जा लपून बसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. ठाणे-बेलापूर मार्गालगत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांत कॉम्प्रेसरची हवा वापरली जाते. ६ बार दाबाची हवा १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये कोंडलेली असेल, तर तिचा जोर सुमारे ४८० किलोच्या वजनाइतका भरतो, आणि कॉम्प्रेसर बंद केल्याने तो कमी होत नाही. त्यासाठी लाइनमधली हवा सोडावी लागते. मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यातून कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सुमारे ५८५ व्होल्ट साठतात आणि मेन स्विच पाडल्यावरही ते काही मिनिटे टिकतात. झाकणावरची ‘अमुक मिनिटे थांबा’ ही सूचना त्यासाठीच असते, आणि ती वाचण्यापूर्वी झाकण उघडणारे फिटर मी पाहिले आहेत. वर उचललेला रॅम किंवा डंपरचा हौदा यांच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण हाच साठा असतो, आणि त्याला स्विच नसतो. खाली भक्कम ठोकळा लावण्याला पर्याय नाही.

पावसाळ्यात यात आणखी एक प्रकार मिसळतो. वीज जाते, हातातला ग्राइंडर गप्प होतो आणि कामगार तो तसाच, स्विच चालू असतानाच, टेबलावर ठेवून चहाला जातो. मोठ्या यंत्रांच्या स्टार्टरमध्ये वीज गेली की संपर्क सुटतो आणि वीज परत आली तरी हिरवे बटन दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. सरकवून अडकवण्याच्या स्विचचे साधे ग्राइंडर मात्र वीज येताच फिरू लागतात. १०० मिलिमीटरची चक्ती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. असा ग्राइंडर टेबलावर मोकळा सुटला तर कुठल्या दिशेला उडेल, हे सांगता येत नाही.

मोटार बंद होणे आणि यंत्र थांबणे यांतला फरक कायद्याने फार पूर्वी ओळखला होता, हे मला विशेष वाटते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक भागांवर भक्कम आडोसा सक्तीचा केला, आणि तो भाग ‘गतिमान असताना किंवा वापरात असताना’ आडोसा जागेवर हवा, असे म्हटले. मोटार चालू असताना, असे शब्द तिथे नाहीत. नवी मुंबईत बेलापूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनेची आठवण म्हणून दर ४ मार्चला कारखान्यांत बिल्ले लावले जातात आणि शपथ घेतली जाते. त्या दिवशी भाषणाऐवजी मोटार बंद करून फ्लायव्हील थांबायला किती वेळ लागतो, ते सगळ्यांसमोर घड्याळ लावून मोजले, तर ते अधिक लक्षात राहील, असे मला वाटते.

उरलेल्या ऊर्जेचा बंदोबस्त करण्याची रीत मोठ्या कारखान्यांत ‘लोटो’ (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे कुलूप आणि टॅग लावणे) या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत १९८९ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र नियम झाला. ती तशी साधी आहे. पुरवठा तोडायचा, त्या जागी स्वतःचे कुलूप लावायचे, नाव लिहिलेला टॅग अडकवायचा, चाक थांबू द्यायचे, हवा सोडायची, कपॅसिटर रिकामा होऊ द्यायचा, उचललेल्या भागाला ठोकळा लावायचा, आणि मग सुरू करण्याचे बटन मुद्दाम दाबून पाहायचे. शेवटची पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि चुकीच्या यंत्राचा स्विच पाडला गेला असेल तर ते फक्त याच पायरीवर कळते. ‘काम चालू आहे’ अशी नुसती पाटी का चालत नाही, याचे उत्तर शिफ्ट बदलताना मिळते: पाटी काढायला कोणाचीही परवानगी लागत नाही. चार जण एकाच यंत्रावर काम करत असतील तर अनेक भोकांच्या एका कडीत चौघांची चार कुलुपे लागतात, आणि चौथे निघेपर्यंत स्विच हलत नाही.

किल्ली खिशात घालून एखादा फिटर कळव्याला घरी गेला, तर कुलूप तोडण्याचा मोह सर्वांनाच होतो. नियम असा आहे की आधी त्याला फोन करायचा, तो खरोखर कारखान्याबाहेर आहे याची खात्री करायची, यंत्राभोवती फिरून आत कोणी नाही हे पाहायचे आणि मग जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने कुलूप काढायचे. शिवाय दुसऱ्या दिवशी तो फिटर कामाला हात लावण्यापूर्वी त्याचे कुलूप काढले आहे, हे त्याला सांगायचे. नाहीतर कालच्या कुलपाच्या भरवशावर तो सकाळी पुन्हा आत हात घालेल.