कोटणीस नेमक्या कोणत्या चीनला गेले?

चिनी वकिलातीची माणसे सोलापूरला आली की त्यांची पावले भैय्या चौकाकडे, जपानशी लढणाऱ्या चीनच्या वैद्यकीय मदतीला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाकडे वळतात. ती ज्या सरकारच्या वतीने हार घालतात, ते सरकार कोटणीस हयात असताना अस्तित्वातच नव्हते. कोटणीस वारले ९ डिसेंबर १९४२ रोजी आणि बीजिंगच्या आजच्या सरकारची घोषणा झाली १ ऑक्टोबर १९४९ रोजी. कोटणीस चीनमध्ये उतरले तेव्हा जगाने मानलेले चिनी सरकार वेगळेच होते, आणि त्याचा वारसा सांगणारे सरकार आज तैवानमध्ये, तैपेईला बसते. त्याचा राष्ट्रीय दिन १० ऑक्टोबर, म्हणजे १९११ च्या वुचांग उठावाचा दिवस. कोटणीसांची जन्मतारीखही १० ऑक्टोबरच, साल १९१०. हा निव्वळ योगायोग, पण एवढ्या पेचात तो लक्षात राहतो.

१९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. ही सेना कम्युनिस्टांची, पण जपानविरुद्ध एकजूट झाल्याने कागदोपत्री च्यांग कै-शेकच्या राष्ट्रीय सरकारच्या फौजेचाच भाग. काँग्रेसने पाच डॉक्टर निवडले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. १ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीने निघाले. म्हणजे मदत मागणारा एक सेनापती, देणारा एक पक्ष. दोघांपैकी सरकार कुणीच नव्हते. डॉक्टर आधी मान्यताप्राप्त सरकारच्या हद्दीत, वुहान आणि चुंगकिंगला थांबले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये कम्युनिस्टांच्या येनानला पोचले.

ताबा एकाचा आणि मान्यता दुसऱ्याला, हे सोलापूरकराला वेगळे समजावून सांगायला नको. मे १९३० मध्ये काही दिवस इंग्रजांचा अंमल या शहरातून उठला होता. रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. ताबा होता, पण त्याला सरकार म्हणायला जगात कुणी तयार नव्हते. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कोटणीस तेव्हा विशीत होते.

चीनमध्ये तर एकावर एक सरकारे होती. मांचुरियात जपानने १९३२ पासून मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य बसवले होते. मार्च १९४० मध्ये नानकिंगला जपानच्याच छायेखाली, च्यांगपासून फुटलेल्या वांग चिंग-वेईने स्वतःचे ‘राष्ट्रीय सरकार’ थाटले. चुंगकिंगला च्यांग, येनानला माओ. पुढची गंमत अशी : बोसांनी २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात आझाद हिंद सरकार जाहीर केले, त्याला नऊ सरकारांनी मान्यता दिली, आणि त्या नऊंत मांचुकुओही होते आणि वांगचे नानकिंगही. ज्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत जपानशी लढणाऱ्या चीनला डॉक्टर गेले, त्याच्याच सरकारला पाच वर्षांनी जपानच्या मांडवाखालच्या चीनने मानले. यात बोसांना दोष देण्याचा हेतू नाही. मान्यता देणारा बहुतेक वेळा स्वतःची सोय पाहतो, एवढेच यातून दिसते.

च्यांग आणि कम्युनिस्ट यांच्यातले यादवी युद्ध संपता संपता च्यांगचे सरकार डिसेंबर १९४९ मध्ये तैपेईला गेले. तैवान १८९५ पासून पन्नास वर्षे जपानकडे होते. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने त्यावरचा हक्क सोडला, पण कुणाकडे ते तहात लिहिलेच नाही. दोन्ही चीनपैकी कुणालाही तिथे बोलावणे नव्हते. आजच्या वादाचे एक मूळ या मोकळ्या सोडलेल्या ओळीत आहे.

भारताने फार वेळ घेतला नाही. ३० डिसेंबर १९४९ ला, ब्रिटनच्याही आठवडाभर आधी, नव्या सरकारला मान्यता दिली; १ एप्रिल १९५० पासून राजनैतिक संबंध सुरू झाले. राजदूत म्हणून गेले सरदार के. एम. पणिक्कर, जे त्याआधी च्यांगच्या सरकारकडेच राजदूत होते. देश तोच, माणूस तोच, फक्त पत्र द्यायचे दार बदलले. संयुक्त राष्ट्रांत मात्र चीनची खुर्ची तैपेईकडेच राहिली. २५ ऑक्टोबर १९७१ च्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाने ती बीजिंगला मिळाली : बाजूने ७६ मते, विरोधात ३५, तटस्थ १७. भारत बाजूने होता, नऊ वर्षांपूर्वीचे युद्ध सोसूनही. अमेरिकेने १ जानेवारी १९७९ पासून बीजिंगला मानले. आज तैपेईशी पूर्ण राजनैतिक संबंध ठेवणारी सरकारे जेमतेम डझनभर उरली आहेत.

अट एकच, आणि दोन्ही बाजूंनी ती दीर्घकाळ पाळली : आम्हाला मानाल तर त्यांना सोडा. त्यामुळे कोटणीसही आपोआप एका बाजूचे झाले. अर्थात ते अगदी अन्यायाने झाले असे म्हणता येत नाही. १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, आणि कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून काम करताना कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या प्रदेशात वारले. त्यांची समाधी उत्तर चीनमधल्या श-च्या-च्वांग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. भारत-चीन संबंध कितीही ताणले तरी बीजिंगचे नेते मुंबईत आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटत : २००६ मध्ये हू चिंताओ, २०१३ मध्ये ली खछ्यांग.

दुसऱ्या चीनशी भारताचा व्यवहार १९९५ पासून मागल्या दाराने सुरू आहे. भारताचे तिथले कार्यालय म्हणजे ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आणि त्यांचे दिल्लीतले ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’. दोन्ही नावांत दूतावास हा शब्द नाही, तैवान हाही नाही. २०२४ मध्ये याच नावाची कचेरी मुंबईत उघडली, तेव्हा बीजिंगने निषेध नोंदवला. सोलापूरच्या एखाद्या व्यापाऱ्याला तैवानला जायचे असेल तर कागदपत्रे तिथे होतात. पाटीवर देशाचे नाव शोधू नये.