छिंदवाड्याच्या आधीपासूनची गोष्ट

इंदुरात रामबाग असो की राजेंद्रनगर, हवा बदलली की घरोघरी मुलं खोकू लागतात. मेडिकलवर जाऊन "भैया, बाळाला सर्दी झाली आहे" एवढं म्हटलं की चिठ्ठीशिवाय बाटली मिळते. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्यप्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, कोल्ड्रिफ हे सर्दी-खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. परवानगी ०.१ टक्क्याची आहे.

हे विष जुनंच. १९३७मध्ये अमेरिकेत त्यात विरघळवलेल्या सल्फाच्या औषधाने शंभरावर माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा आला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ जण गेले, चौकशीला लेंटिन आयोग नेमला गेला. तरीही पुढे गुरुग्राम झालं, जम्मूतलं रामनगर झालं, आफ्रिकेतलं गांबिया झालं; तिथेही अशाच सिरपने मुलं गेली.

छिंदवाड्यानंतर आया विचारतात, "चांगल्या कंपनीचं कोणतं देऊ?" त्यांची काळजी मला कळते. पण शुद्ध सिरपचाही इतिहास पाहायला हवा. मुलांचे डोस ठरले कसे? १९७६मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने प्रौढांच्या डोसाचे भाग पाडले: सहा ते अकरा वर्षांना निम्मा, दोन ते पाचला पाव. मुलांवर चाचण्या जवळपास नव्हत्याच. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा लहान मुलांचा खोकला या औषधांनी फारसा कमी होत नाही असं दिसलं. अपाय मात्र खरे होते. नाक मोकळं करणाऱ्या औषधाने छातीत धडधड वाढते, सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामाइनने गुंगी येते. त्यात डोस चहाच्या चमच्याने मोजला जातो, आणि सर्दीच्या अनेक सिरपांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे तापाचं औषध वेगळं दिलं तर ते दुप्पट पोटात जातं.

२००४-०५ या दोन वर्षांत अमेरिकेत दोन वर्षांखालच्या अंदाजे १,५१९ मुलांना या औषधांच्या त्रासामुळे आपत्कालीन विभागात न्यावं लागलं. २००५मध्ये सहा महिन्यांपर्यंतची तीन बाळं गेली, तिघांच्याही रक्तात स्यूडोएफेड्रीन हे नाक मोकळं करणारं औषध भरमसाट होतं. मार्च २००७मध्ये बाल्टिमोरचे आरोग्य आयुक्त जोशुआ शार्फस्टीन आणि काही बालरोगतज्ज्ञांनी ही औषधं लहान मुलांना दिली जाऊ नयेत म्हणून सरकारकडे अर्ज केला. २००८मध्ये कंपन्यांनी वेष्टनावर "चार वर्षांखाली देऊ नका" असं छापायचं मान्य केलं. ब्रिटनने २००९मध्ये ही रेघ सहा वर्षांवर ओढली.

आपल्याकडे डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन यांच्या ठरावीक मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांसाठी नाही, असा इशारा छापायला सांगितलं. कोल्ड्रिफमध्ये हीच दोन औषधं होती, सोबत पॅरासिटामॉल. छिंदवाड्यात गेलेल्यांपैकी बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती.