इंजिन जुनं म्हणून डबेही जुने?

नाशिकरोडला डेक्कन ओडिसी ही आलिशान पर्यटक गाडी आली की फलाटावर कुणीतरी हमखास सांगतं, "हे राजेमहाराजांचे जुने डबे!" कोळशाच्या इंजिनाच्या सहलींबद्दलही हाच समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

'फेअरी क्वीन' घ्या. इंजिन १८५५ चं, लीड्समध्ये घडवलेलं. १९९७ पासून ते दिल्ली-अलवर सहलीला धावू लागलं, पण प्रवासी बसायचे ६० आसनांच्या वातानुकूलित डब्यात. १८५५ च्या काळातला लाकडी डबा आजच्या मार्गावर माणसांसकट कोण सोडेल? डेक्कन ओडिसी तर २००४ ची. गोंधळ बहुधा 'पॅलेस ऑन व्हील्स' या तशाच आलिशान गाडीमुळे झाला असावा: १९८२ मध्ये ती खरोखरच संस्थानिकांची सलून, म्हणजे त्यांचे खास खासगी डबे, घेऊन निघाली होती. पुढे तिचेही डबे बदलले.

पारख सोपी आहे. डब्याच्या बाजूवर रंगवलेल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे सहसा बांधणीचं साल सांगतात. ९८ म्हणजे १९९८. आतलं लाकूडकाम, पितळी कड्या, मखमल ही सगळी सजावट. सांगाडा पोलादीच.

अस्सल जुना डबा बघायचाच असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बांधलेलं १८७५ चं सलून आहे. ते जागेवरच उभं असतं.