वेंतिमिल्या: डोंगर आणि समुद्राच्या चिमटीत

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यानं पश्चिमेकडे निघालं, की फ्रान्सच्या हद्दीआधीचं शेवटचं शहर वेंतिमिल्या. इथे आल्प्सच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात आणि ये-जा करायला अरुंद पट्टी तेवढी उरते. इ.स.पू. 13 मधला रोमन सम्राट ऑगस्टसचा रस्ता इथूनच गेला, 1872 ची रेल्वेही इथूनच.

या पट्टीचा खरा जुना दप्तरखाना हद्दीला खेटून आहे: बाल्झी रॉस्सी, म्हणजे तांबडे कडे. खडक चुनखडीचा, रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पायथ्याच्या गुहांपैकी प्रिन्सिपे गुहेत तळाला समुद्रानं आणून टाकलेला थर सापडतो. त्यात स्ट्राँबस जातीच्या मोठ्या गोगलगाईचे शंख आहेत. ही गोगलगाय आज पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण किनाऱ्यावर राहते. म्हणजे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी इथला समुद्र आजच्यापेक्षा उबदार होता आणि काही मीटर उंचही. वरच्या थरांत हत्ती, गेंडा, पाणघोड्याची हाडं. आणखी वर रेनडिअर. हवामान गार होत गेलं ते असं हाडांवरूनच वाचता येतं.

हिमयुगाच्या ऐन भरात जगभर समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला. इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्राचा उत्तरेकडचा उथळ तळ त्या वेळी शेकडो किलोमीटर उघडा पडला. वेंतिमिल्यासमोर मात्र तळ झपकन खोल जातो, त्यामुळे किनारा थोडाच मागे हटला. वाट अरुंदच राहिली आणि गुहा वाटेवरच.

बार्मा ग्रांदे गुहेत 1892 मध्ये तीन माणसांचं एकत्र दफन सापडलं: तांबडी गेरू, शंख-शिंपले, हरणाचे सुळे, माशांचे मणके. पण या गुहेतला बराच भराव दगड काढताना गेला आणि सुरुवातीच्या खोदकामांत नोंदी त्रोटक राहिल्या. हाड कोणत्या थरातलं हेच ठाऊक नसेल, तर शेजारच्या कोळशाचं वय त्याला लावता येत नाही. शिवाय कार्बन-14 पद्धत (अवशेषांतल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून वय काढण्याची) सुमारे 50,000 वर्षांपलीकडे चालत नाही; खालच्या थरांना युरेनियमसारख्या दुसऱ्या पद्धती लागतात.

शहराच्या मधून वाहणाऱ्या रोया नदीची कहाणी थोडी चमत्कारिक आहे. 1860 च्या तोरिनो करारात नीस फ्रान्सला गेलं, तेव्हा नदीचा वरचा भाग इटलीत, मधला फ्रान्समध्ये आणि मुख पुन्हा इटलीत, अशी वाटणी झाली. 1947 मध्ये वरच्या भागातली तेंदा आणि ब्रिगा ही गावंही फ्रान्सकडे गेली. आज पाणी पडतं मुख्यतः फ्रान्समध्ये, पूर येतो इटलीत.

नदी जेमतेम 60 किलोमीटर लांब, पण उगम तेंदा खिंडीजवळ, 1,800 मीटरच्या वर. एवढा उतार असल्यावर पुराला मुखाशी पोचायला काही तास पुरतात. 2 ऑक्टोबर 2020 ला ‘अ‍ॅलेक्स’ वादळानं समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढवली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैत जे घडतं तेच. या डोंगररांगेत काही ठिकाणी दिवसभरात 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. खोऱ्यातले रस्ते-पूल वाहून गेले, आणि उन्मळलेल्या झाडांचे ओंडके पुरासोबत वेंतिमिल्याच्या किनाऱ्याला येऊन लागले.