स्वच्छ हवेतला चकवा

४ डिसेंबर १९६५. न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेल गावाच्या आकाशात दोन प्रवासी विमानांच्या वाटा एकमेकींना छेदणार होत्या. टीडब्ल्यूए कंपनीचं बोईंग ७०७ अकरा हजार फुटांवर, ईस्टर्न कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन दहा हजारांवर. मध्ये चांगलं हजार फुटांचं अंतर. पण खालच्या ढगांचा माथा सपाट नव्हता, एका बाजूला चढत गेलेला होता. ईस्टर्नच्या वैमानिकांच्या नजरेने त्या चढालाच क्षितिज मानलं आणि समोरचं विमान त्यांना आपल्याच उंचीवर दिसलं. टक्कर टाळायला त्यांनी नाक वर खेचलं, आणि टक्कर झाली ती त्यामुळेच. बोईंग सुखरूप उतरलं. ईस्टर्नचं विमान डोंगरउतारावर उतरवावं लागलं. चौघे दगावले, त्यांत कॅप्टनही होता.

चौकशीत दृष्टिभ्रमाचं कारण पुढे आलं. इथे धुकं नव्हतं, रात्र नव्हती. वैमानिकांना समोरचं विमान दिसत होतं, म्हणूनच तर ते चुकले. हा मुद्दा विमानविद्येला पचायला वेळ लागला, कारण तोवरची सगळी शिकवण न दिसण्याभोवती फिरत होती.

त्या शिकवणीची सुरुवात एका फिरत्या खुर्चीपासून झाली. १९२६ मध्ये अमेरिकी लष्करातले वैमानिक विल्यम ऑकर यांना वैद्यकीय तपासणीत डोळे मिटून त्या खुर्चीत बसवलं. खुर्चीचा वेग कमी झाला की ती थांबली असं त्यांना वाटे, थांबली की उलटी फिरते आहे असं वाटे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव वेगातला बदल टिपतो. एकसारखं फिरणं त्याला कळत नाही. मुरलेला वैमानिकसुद्धा ढगात का फसतो, हे ऑकरना तिथे उमगलं. मग त्यांनी एका बंद खोक्यात वळण दाखवणारं उपकरण बसवलं आणि खुर्चीतल्या माणसाला त्यात डोकावायला लावलं. अंग खोटं बोलत होतं, काटा खरं. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणं पाहून, उड्डाण आणि अवतरण दोन्ही करून दाखवलं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने, उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना कृत्रिम ढगात घातलं, तेव्हा सरासरी १७८ सेकंदांत त्यांचा ताबा सुटला.

यातून एक सोयीचा समज घट्ट झाला: बाहेरचं दिसेनासं झालं तर काटे पाहा, दिसत असेल तर डोळ्यांवर भिस्त ठेवा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याला थोडा तडा गेला होता. अंधारात एकच स्थिर दिवा टक लावून पाहिला की तो हलू लागतो, हे रात्री उडणाऱ्यांसाठी किती घातक आहे, ते ग्रेबील आणि क्लार्क या संशोधकांनी १९४५ मध्ये मांडलं. तरी तो रात्रीचा अपवाद म्हणून बाजूला राहिला.

मोठा धक्का दिला बोईंगच्या कॉनरॅड क्राफ्ट यांनी. साठच्या दशकात रात्री उतरताना विमानं धावपट्टीच्या अलीकडेच आपटत होती. क्राफ्टनी सिम्युलेटरमध्ये एक रात्र उभी केली: पुढे मिट्ट काळोख, धावपट्टीपलीकडे चढावर पसरलेलं दिव्यांचं शहर. उंचीमापक झाकलेला. कंपनीचेच अनुभवी वैमानिक बसवले, आणि बहुतेक जण हवं त्यापेक्षा बरेच खाली आले. चढावरचे दिवे नजरेला असा कोन देतात की आपण फार उंचावर आहोत असं वाटतं, आणि मध्ये काळोख असल्यामुळे ती चूक दुरुस्त करायला डोळ्याला काही सापडत नाही. 'ब्लॅक होल अप्रोच' म्हणतात तो हाच. धावपट्टीशेजारचे, उतरण्याची योग्य वाट दाखवणारे 'पॅपी' नावाचे चार दिवे याच चुकीवरचा उतारा आहेत. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उंची बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली.

एरेबस पर्वतावर असे दिवे असण्याचा प्रश्नच नव्हता. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अंटार्क्टिकातल्या त्या पर्वतावर आदळलं, २५७ जण गेले. मार्गाचे आकडे आदल्या रात्री बदलले होते आणि वैमानिकांना ते कळवलेलं नव्हतं. ढगाखालून पसरलेल्या उजेडात पांढरा उतार आणि पांढरं आकाश एक झाले होते. सावली नाही, कडा नाही, समोर नुसता सपाट बर्फ दिसतो आहे असा भास. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तो धडकेच्या जेमतेम सहा सेकंद आधी. नंतर अवशेषांत प्रवाशांचे कॅमेरे सापडले. फिल्म धुतल्यावर त्यांत खिडकीबाहेरची हवा अगदी स्वच्छ दिसत होती.